टॉवर आला, रेंजचा दगड ओस पडला. ग्रामसभेत काय मांडू?

केंद्रवाला | १० जानेवारी, रात्री ९.५०

मंडळी, जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यातला. टिपेश्वर अभयारण्याच्या कडेला आमची गटग्रामपंचायत आहे, एक मोठं गाव आणि तीन पोड, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्त्या. सातबारा, दाखले, पीएम किसानची केवायसी, अंगठा लावून पैसे काढणं, असलं सगळं मी करतो. गेल्या पोळ्यापर्यंत गावात रेंजच नव्हती, म्हणून माझं सेवा केंद्र पाच किलोमीटरवर फाट्याला होतं.

तेव्हा गावाचा फोन म्हणजे टेकडीवरचा एक चपटा दगड. त्यावर उभं राहिलं की दोन कांड्या यायच्या. सगळे त्याला रेंजचा दगड म्हणायचे. संध्याकाळी पाचच्या सुमारास तिथे वीस-पंचवीस माणसं जमायची. कोणाचा पोरगा हैदराबादला कामाला, कोणाला कापसाचा भाव विचारायचा, कोणाच्या लेकीचे दिवस भरत आलेले. एक जण बोलत असला की बाकीचे खाली बसून वाट पाहत, तंबाखू मळत, बाया सरपणाची मोळी टेकवून घटकाभर दम घेत. अंधार पडायच्या आत सगळे खाली उतरत, कारण त्या अंगाला वाघ फिरतो. आमच्याकडे मोबाइल किती वेळ वापरायचा हे वाघ ठरवत होता म्हणा.

पोळ्यानंतर टॉवर सुरू झाला आणि मी केंद्र गावात आणलं. आनंद झाला, खोटं कशाला बोलू. सोयाबीनच्या सोंगणीत एका बाईला साप चावला. तिच्या दिराने वावरातूनच १०८ ला फोन लावला, गाडी फाट्यावर येऊन थांबली, बाई वाचली. आधी असतं तर कोणीतरी दगडाकडे पळत सुटलं असतं.

पण चार महिन्यांत दुसरंही दिसू लागलं. गुरुदेव सेवा मंडळाच्या सायंकाळच्या प्रार्थनेला तीसेक लोक यायचे, आता सहा-सात. पारावर पोट्टे बसतात, पण प्रत्येकाच्या तोंडावर आपापला उजेड. आणि माझं स्वतःचं? सकाळी सहाला पहिला फोन, रात्री अकराला शेवटचा. "भाऊ, ओटीपी आला, सांगू का?" बायको म्हणते, फाट्यावर होतं तेच बरं होतं, आता केंद्र उशाशी येऊन झोपलं.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेपुढे दोन ठराव आहेत. तरुण मंडळी म्हणतात, पारावर चोवीस तास फुकट वायफाय द्या. दुसरा गट म्हणतो, पुसद तालुक्यातल्या बान्सीने २०२२ मध्ये अठरा वर्षांखालच्यांना मोबाइलबंदी केली, तसं करा. ग्रामसेवकाने टिपण लिहायचं माझ्या गळ्यात घातलं आहे. मला दोन्ही पटत नाहीत, पण तिसरं काय ते सुचत नाही. ज्यांनी आपल्या गावात काही करून पाहिलं असेल त्यांनी सांगा. उपदेश आमच्याकडे भरपूर आहे.

पुण्यात_अडकलेला | १० जानेवारी, रात्री १०.३०

तो दगड वाचून डोळ्यात पाणी आलं. खरं सांगू? टॉवर यायलाच नको होता. इथे आम्ही पैसे भरून डोंगरात जातो, दोन दिवस फोन बंद ठेवायला. तुमच्याकडे ते फुकट होतं. शहराने केलेली चूक गावाने कशाला करायची?

जागल | ११ जानेवारी, सकाळी ६.१५

पुण्यातले भाऊ, तुमी दोन दिवस फोन बंद ठेवता अन् तिसऱ्या दिवशी चालू करता. ज्याले चालूच करता येत नाई त्याच्या बाईले साप चावला तं तुमच्या डोळ्यातल्या पान्याचं काय करावं तिनं?

मी अकोटकडला. थ्री फेज लाइन आमाले आठ तास, एक हप्ता दिवसा, एक हप्ता रातची. म्हंजे हरभऱ्याले पानी द्याचं तं रात्री बारा वाजता उठा, बॅटरी घ्या, धुऱ्याधुऱ्यानं जा, मोटर चालू करा. लाइन गेली का परत जा. रानडुक्कर हाये, इच्चू हाये, थंडी हाये. माह्या बापानं उभा जलम ह्याच्यातच काढला. दोन सालापासून म्या मोटरीवर मोबाइलचा स्टार्टर बसवला, त्याच्यात सिमकार्ड हाये. घरून फोन लावला का मोटर चालू. लाइन गेली, आली, तं तोच फोन करून सांगते. पाइप बदलाले जाच लागते, ते काई सुटलं नाई, पन चार खेपाच्या जागी एक खेप. तुमी लोकं ज्याले संतुलित जीवन म्हंता ना, ते माह्यासाठी रातची झोप हाये, अन् ते मले मोबाइलनंच देल्ली.

दुसरं, दामिनी. पुण्याच्या हवामानवाल्या संस्थेचं ॲप हाये, आपल्या आसपास २० ते ४० किलोमीटरात वीज पडून रायली का ते दाखवते. मिरगात, पेरनीच्या टायमाले वावरात आठ-दहा बाया असतात. फोन वाजला का हातचं काम सोडून सगळ्याइले गोठ्यात आनतो. झाडाखाली कोनाले उभं राहू देत नाई.

आता तुमच्या प्रश्नाचं. माहा पोरगा त्याच मोबाइलवर पैशाच्या खेळात सोयाबीनचे पैशे हरला. किती ते सांगत नाई. ऑगस्ट २०२५ मधी कायदा आला, पैशाचे खेळ बंद झाले, तं आमच्या घरी पेढे वाटाचे राह्यले फक्त. म्हनून मी ना तुमच्या वायफायवाल्याइचा ना बंदीवाल्याइचा. औत अन् दारूची बाटली एकाच दुकानात भेटाले लागली, असं झालं हे.

अंगणवाडी_ताई | ११ जानेवारी, दुपारी २.०५

जागल भाऊंची शेवटची ओळ कापून ठेवली.

पण सगळे पोरांबद्दलच बोलताय. मोबाइल आमच्या गळ्यात कोणी बांधला ते कोणी बोलत नाही. पोषण ट्रॅकर, म्हणजे अंगणवाडीच्या नोंदींचं ॲप, २०२१ मध्ये आलं. तेव्हा राज्यभर सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले होते, आठवत असेल. ॲप इंग्रजीत, मोबाइल हलक्या प्रतीचा, आमच्यातल्या कितीतरी जणी सातवी-आठवी शिकलेल्या. मीही त्या मोर्चात होते. आता १ जुलै २०२५ पासून घरी न्यायचा आहार देताना लाभार्थीचा चेहरा जुळवावा लागतो. गर्भवती बाई सकाळी सातला कापूस वेचायला निघून जाते. तिचा चेहरा मी कुठून आणू? आधार जोडलेला फोन नवऱ्याच्या खिशात, नवरा तेलंगणात. मग मी संध्याकाळी तिच्या घरी जाते, अंगणात रेंज नसली तर तिला रस्त्यावर आणते, दिव्याच्या उजेडात चेहरा धरते. पोराला खिचडी खाऊ घालायचं काम दुपारी संपतं, मोबाइलमधलं काम रात्री नऊला.

म्हणून माझं म्हणणं असं की ग्रामसभेत आधी हे लिहून घ्या: सेविका, आशा, रोजगार सेवक, केंद्रचालक यांना अमुक वाजल्यानंतर फोन करायचा नाही. मोबाइलने पोरांचा अभ्यास खाल्ला हे खरं, पण आमची संध्याकाळ त्याच्याही आधी खाल्ली आहे.

रोजगारसेवक७ | ११ जानेवारी, रात्री ८.४०

ताईंशी सहमत. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या मजुरांची हजेरी ॲपवरच, दिवसातून दोनदा फोटो. तलावाच्या खोलगट भागात काम असलं की रेंज नाही. मी फोटो काढून रेंजमध्ये येतो तोवर दुपार. मजूर म्हणतात, आधी तू माती मोजायचा, आता आमची तोंडं मोजतो.

मेळघाट_मास्तर | १२ जानेवारी, सकाळी ७.२०

मी धारणी तालुक्यात शिक्षक आहे, अकरा वर्षं झाली. आमच्या तालुक्यातलं हरिसाल २०१६ मध्ये देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून निवडलं गेलं, मायक्रोसॉफ्टच्या साथीने. नागपूरजवळचं सातनवरी २०२५ मध्ये स्मार्ट इंटेलिजेंट गाव झालं. चांगली गोष्ट आहे, कुठून तरी सुरुवात व्हावीच लागते. पण माझी शाळा हरिसालच्या पलीकडे एका ढाण्यावर, म्हणजे छोट्या वस्तीवर. तिथून जे दिसतं ते वेगळं आहे.

एका दात्याने शाळेला दहा टॅब दिले. मुलं कोरकू बोलतात. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचं नातं नाही, हिंदीशीही नाही. टॅबमधली बाई शुद्ध मराठीत "बाळांनो, आता आपण मेट्रोने प्रवास करूया" म्हणते. पहिलीचं पोर माझ्याकडे पाहतं. पावसाळ्यात आठ-आठ दिवस झडी लागते, सोलर चार्ज होत नाही, मग टॅब कपाटात.

दोन वर्षांनी आम्ही उलटं केलं. टॅबमधलं दाखवायचं सोडलं आणि टॅबने गोळा करायला लागलो. मुलं आजीकडे जातात, ती मोहफुलं कशी वाळवते ते बोलते, मुलं रेकॉर्ड करतात. आतापर्यंत झाडांची शंभरावर कोरकू नावं आवाजासकट जमली आहेत. रोज तासभर, तोही वर्गात, टॅब घरी जात नाहीत. टॅब घरी जात नाही म्हणून त्याच्याशी भांडणही नाही. आणि आजी शाळेत यायला लागली, हे मी ठरवलेलं नव्हतं.

केंद्रवाले, तुमच्या दगडाचंही तेच होतं. फोन होता, पण तो ठरलेल्या जागी होता, आणि तिथे माणसं होती.

पुण्यात_अडकलेला | १२ जानेवारी, सकाळी ९.१०

जागल भाऊ, चूक झाली. मागे घेतो. माझे आईवडील वाशीम जिल्ह्यात आहेत आणि मी त्यांना रोज व्हिडिओ कॉल करतो, म्हणजे टॉवर माझ्याच कामाचा.

मास्तरांच्या प्रतिसादावर एक भर. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावमध्ये २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवतात, मुलं अभ्यासाला बसतात. तुमच्याकडे प्रार्थनेची वेळ आहेच. तोच भोंगा समजा ना.

पारूची_आई | १२ जानेवारी, दुपारी ३.३०

भोंगा चालतो, पण त्या वेळी मोठ्यांचाही मोबाइल बंद पाहिजे. आमच्या गावात असा भोंगा पंधरा दिवस वाजला. पोरं पुस्तक घेऊन बसली, बाप बाजूला लोळून रील पाहत बसला, आवाज बारीक करून. पोरगी म्हणे, "बाबाचा भोंगा कधी वाजते?" सोळाव्या दिवशी भोंगा बंद.

एक विचारते, तुमच्याकडे ग्रामसभेच्या आधी महिला सभा घेतात का? कायद्यात आहे, कागदावर सगळीकडे होते. पारावर चोवीस तास वायफाय म्हणजे पारावर चोवीस तास गडीमाणसं. नळ पाराजवळ असेल तर आमच्या पोरींनी रात्री पाण्याला कसं जायचं? हा ठराव मांडणाऱ्या पोरांनी एक दिवस पाण्याचा गुंड (हंडा) घेऊन जाऊन पाहावं.

वर्ध्याची_संध्या | १२ जानेवारी, रात्री ९.००

मी बँकेत आहे, कुठल्या ते सोडा. केंद्रवाले, ओटीपी सांगू का विचारणारे लोक तुम्हाला फोन करतात, हे तुमच्या गावाचं नशीब आहे. ते तुम्हाला नाही विचारणार त्या दिवशी दुसऱ्या कोणाला तरी सांगतील. योजनेचे पैसे जमा होण्याच्या सुमारास असे फोन वाढतात, तेही गोड मराठीत. माझ्या सख्ख्या मावशीचे गेले. तिने दोन दिवस लाजेने कोणाला सांगितलं नाही आणि तिथेच घात झाला, कारण १९३० वर जितक्या लवकर तक्रार जाते तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. हा नंबर पारावर रंगवून टाका. आणि अंगठा लावल्यावर पावती मागायची, रक्कम मोठ्याने वाचून घ्यायची, हेही शिकवा. (तुमच्या केंद्रातसुद्धा. रागावू नका.)

केंद्रवाला | १२ जानेवारी, रात्री ११.१०

रागावलो नाही, पावती उद्यापासून वाचून दाखवतो. हो, रात्री अकरालाच लिहितोय, बायको बघतेय.

पारूच्या आई, पाण्याचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. नळ पारापासून वीस पावलांवर आहे.

मास्तरांचं वाचून असं मनात येतं: कामाच्या मोबाइलला जागा द्यावी. पंचायतीत इंटरनेटच्या केबलचा डबा तीन वर्षांपासून भिंतीवर आहे, रस्ता खोदताना वायर तुटली ती तशीच. ती जोडून घेतली तर जुन्या वाचनालयाच्या खोलीत वायफाय, दोन टेबलं, आणि ठरलेल्या वेळी मदतीला एक शिकलेली पोरगी. केवायसी, अर्ज, डॉक्टरशी बोलणं, सगळं तिथे; ई-पीक पाहणीला (पिकाची ॲपवर नोंद) त्या पोरीने वावरात यायचं. म्हणजे ज्याला मोबाइल नकोच आहे त्या म्हाताऱ्याला मोबाइल घ्यायची पाळी येणार नाही. आज अशी पाळी येते. १५ ऑगस्ट २०२१ ला ई-पीक पाहणी सुरू झाली तेव्हापासून वावरात उभं राहून फोटो काढावा लागतो. एका बुढ्याने त्यासाठी बकरी विकून फोन घेतला. आता नातू तो फोन सोडत नाही.

झाडीपट्टी | १३ जानेवारी, दुपारी १२.२०

उशिरा आलो, नाटकाचे दिवस आहेत. वडसा, म्हणजे देसाईगंज, आमच्या नाटक कंपन्यांचं ठाणं. दिवाळी ते होळी गावोगावी मंडईच्या, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेच्या, निमित्ताने नाटक होतं, रात्री सुरू होतं ते पहाटेपर्यंत. टीव्ही आला तेव्हा म्हणाले नाटक मेलं, मोबाइल आला तेव्हाही म्हणाले. आजही लोक थंडीत पोतं अंथरून बसतात. आता तर पोरं पडद्याआडच्या गमतीजमती मोबाइलवर टाकतात आणि ते पाहून पुढच्या गावचं बोलावणं येतं. गावाकडे जमण्याचं स्वतःचं कारण असेल तर मोबाइल त्याच्या मागेमागे येतो. तुमची प्रार्थना सहा जणांवर आली ती निव्वळ टॉवरमुळे का, हे एकदा तपासा. आमच्याकडे भजन मंडळ बुडालं ते पेटी फुटली आणि कोणी दुरुस्त केली नाही म्हणून. दोष मात्र मोबाइलला.

दुसरं, घाई करू नका. धानोरा तालुक्यातलं लेखा-मेंढा माहीत असेलच. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी. तिथे हात वर करून बहुमत मोजत नाहीत. आधी अभ्यास गट बसतो, वाचतो, बाहेरच्याला बोलावून विचारतो, मग ग्रामसभा सगळ्यांच्या संमतीने ठरवते. एकाचा विरोध असला तरी थांबतात. मोबाइलबंदी तेरा विरुद्ध अकरा मतांनी झाली तर ती अकरा घरं काय करतील ते तुम्हीच सांगा.

आणि पोड पेसा क्षेत्रात (आदिवासी ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या कायद्याखाली) असतील तर त्यांची स्वतःची ग्रामसभा होऊ शकते. त्यांच्या चावडीवर त्यांनाच बसू द्या. मोठ्या गावाने पोडाचं ठरवू नये.

पुण्यात_अडकलेला | १३ जानेवारी, दुपारी १.४५

संमती सगळ्यांची येईपर्यंत पोरांची दहावी होऊन जाईल की!

झाडीपट्टी | १३ जानेवारी, दुपारी २.००

होऊ द्या. बंदी आली तरी दहावी होतेच.

अंगणवाडी_ताई | १३ जानेवारी, रात्री ८.१०

खोलीची कल्पना आवडली. फक्त "मदतीला शिकलेली पोरगी" तिला पगार कोण देणार ते आधी लिहा. नाहीतर सहा महिन्यांनी ते काम माझ्याकडे येईल, लिहून ठेवा.

केंद्रवाला | २८ जानेवारी, सायंकाळी ६.३०

झालं ते सांगतो. फार काही ठरलं अशातला भाग नाही.

महिला सभा २५ तारखेला खरोखरीची झाली, शाळेच्या ओट्यावर, साठेक बाया. पारावरचं वायफाय तिथेच पडलं. खोलीला होकार मिळाला, पण मी लिहिलेली संध्याकाळी पाच ते सातची वेळ त्यांनी खोडली. ती चुलीची वेळ आहे, मग ती सोय गड्यांसाठीच होणार, असं एका आजीने तोंडावर सांगितलं. आता सकाळी नऊ ते अकरा, आणि कापूस वेचणीचे दिवस संपेपर्यंत रविवारी दिवसभर. पोरीला महिन्याला मानधन पंचायतीच्या स्वनिधीतून, सहा महिन्यांपुरतं. ताई, हे ठरावात आकड्यासकट लिहिलं आहे.

बंदीचा ठराव मागे ठेवला. बंदीवाल्या गटाच्या पुढाऱ्याला कोणीतरी विचारलं की तुमच्या घरून सुरुवात करता का. तो म्हणाला विचार करतो. तेवढ्यावर थांबलं.

पोडाचे नाईक आले होते. त्यांना दोन गोष्टी हव्या होत्या. वाघ दिसला की वनखात्याच्या गटावर जो मेसेज येतो तो कोणीतरी चावडीवर ओरडून सांगावा, कारण जंगलात जाणाऱ्या बायांकडे फोन नसतो. आणि वायफायच्या डब्याबद्दल म्हणाले, खोलीत कशाला, रेंजच्या दगडावर ठेवा, पोट्टे चढून तरी जातील. सगळी सभा हसली. मी टिपणात लिहून घेतलं आहे.

केबल अजून जोडलेली नाही. मार्चपर्यंत होईल म्हणतात. कोणता मार्च ते विचारलं नाही.

प्रार्थनेचं झाडीपट्टी भाऊंनी सांगितल्याप्रमाणे तपासलं. खंजिरीवाला गेल्या वर्षी लेकाकडे नागपूरला गेला, हे आम्ही सगळे विसरलो होतो.

१९३० पारावर रंगवला. सेविका-केंद्रचालकांना फोन न करायची वेळ मात्र ठरावात आली नाही, सरपंच म्हणाले सरकारी कामाला आपण कसं अडवणार. म्हणून आमच्या घरापुरता ठराव बायकोने केला. केंद्राच्या दारावर पाटी लावली आहे: "संध्याकाळी सातनंतर बंद. साप चावला तर उठवा."

जागल | २८ जानेवारी, सायंकाळी ७.०५

अन् वाघ आला तं?

केंद्रवाला | २९ जानेवारी, सकाळी ७.००

काल सात वाजून पाच मिनिटांनी विचारलं जी तुम्ही. वाघ आला तरीही उठवा, पाटीत भर घालतो.